मी पोचवलेले निरोप

आई, आज नवऱ्याशी कचाकचा भांडले. कूलरमध्ये पाणी कुणी भरायचं यावरून. लेक शेजारीच गणितं सोडवत होती. तिनं मान वर केली, म्हणाली, तुमचं झालं की जेवू, आणि परत वहीत घुसली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माझ्या घरात कुणाचा निरोप कुणाला न्यावा लागत नाही. हे तुलाच लिहायला पाहिजे, तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

छावणी भागातल्या आपल्या दोन खोल्यांत तू आणि बाबा चार वर्षं एकमेकांशी बोलला नाहीत. मधे मी. बापाला सांग रॉकेल संपलंय, आईला सांग मला दिसतंय. आणि मी लई हुशार, निरोपात साखर घालायचे. बाबा म्हणाले, असला डबा कुत्रंबी खाणार नाय. मी तुला सांगितलं, दोडका फार आवडला. तू बिचारी खुलून दुसऱ्या दिवशी परत दोडकाच दिलास. संध्याकाळी त्यांनी तो डबा तुझ्यासमोर मोरीत उपडा केला. तू आधी दोडक्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं. जवळ बसवून विचारलंस, कधीपासून करतीस हे. म्हटलं, पहिलीपासून. तेव्हा मी पाचवीत होते. तू मारलं नाहीस, पण तुझा चेहरा बघून वाटलं, मारलं असतं तर बरं.

खुलताबादहून मामा समजूत घालायला आला. पोरीसाठी सोस म्हणाला, नवरा सोडलेलीच्या लेकीला कोण करून घेणार. तू चहा गाळायचा थांबवलास.

"दादा, आमचं कडू ही पोरगी गोड करून वाढती. दहा वर्षांची हाय ती. तिच्यासाठीच निघाले मी."

मग पुंडलिकनगरातली एक खोली, आणि दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायची नोकरी. तुझा आवाज एवढा खणखणीत आहे हे मला तिथं कळलं. शाळा सुटली की बाकावर बसून ऐकायचे. म्हातारे दचकून उठायचे. शेजारणींनी संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावलं नाही, तर तू दवाखान्यातच सगळ्यांना तिळगूळ वाटलास. बाबांकडं मी रविवारी जायचे. एकटा असला की माणूस बरा होता, हेही कबूल. आणि माझ्या लग्नात सगळ्यात जास्त जिलेब्या मामानंच हाणल्या. जिंकलीस तू, आई. मलाही जिंकवलंस.

एक सांगायचं राहिलं. निघालो त्या दिवशी तू रिक्षात बसलेली, मी दप्तर आणायला परत आत गेले. बाबा खाटेवर बसलेले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आईला सांग, थांब म्हणावं." चार वर्षांत पहिल्यांदा, साखर घालावी लागणार नाही असा निरोप.

रिक्षाशी आले तेव्हा तू विचारलंस, काही म्हणाले का?

"नाय," मी म्हणाले.

तुझ्या तोंडावर हे सांगायची हिंमत कधी झाली नाही. आणि खरं सांगू, आज विचारलंस तरी नायच म्हणेन.