जाड पीन

आबा, मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, की फ्रिजच्या प्लगची तिसरी पीन पेणहून येताना टेम्पोत मोडली. ते पत्र पेटीत टाकायचं नव्हतंच, तरी त्यातसुद्धा मी खोटं लिहिलं, हे महिनाभर मला खुपतंय. म्हणून आधी दुरुस्ती करते. पीन मोडली नव्हती. ती तू कापलीस, आणि मी सांगितलं म्हणून कापलीस.

मी दहावीत होते. टेम्पो दारात उभा आहे, सगळी आळी ओटीवर जमली आहे, खोक्यातून पांढराशुभ्र फ्रिज निघतोय आणि आई त्याला हळदकुंकू लावतेय. प्लगला तीन पिना, आपल्या बोर्डाला भोकं दोनच. दुकानातला माणूस दुसऱ्या दिवशी येऊन लावून देणार होता. पण शेजारची काकी म्हणाली, "उद्या कशाला? एवढी पोर शिकवलीस ना? का नुसतीच दप्तर घेऊन गडबच्या नाक्यावर फिरायला जाते?" सगळे हसले. तू नाही हसलास. फ्रिजबरोबर आलेलं पुस्तक माझ्या हातात दिलंस. "वाच गो. ही जाडी पीन कशाला हाय?"

पुस्तक इंग्रजीत होतं. एका पानावर चौकट होती, तिच्यात मोठ्या अक्षरांत 'अर्थिंग' असा शब्द होता. मला तो माहीत नव्हता. आपल्या घरात माझ्याआधी कुणी, अगदी दादासुद्धा, शाळेची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे लिहिलेलं असून मला कळत नाही असं काही असू शकतं, हे तुझ्या डोक्यातही आलं नसतं. काकी बघत होती. मी पान उलटलं आणि म्हटलं, "ती नसली तरी चालते." तू आरीचं पातं आणलंस. पितळेचा तो तुकडा जमिनीवर पडला, तो मी उचलला. अजून माझ्या कंपासपेटीत आहे.

त्याच संध्याकाळी फ्रिजचं दार उघडताना आईच्या बोटांना मुंग्या आल्या. तिने देवघरातला पाट आणून फ्रिजपुढे ठेवला. पाटावर उभं राहिलं की मुंग्या येत नसत. मग आपल्याकडे तशी रीतच पडली. पाहुण्यांनाही आई सांगायची, "पाटावर चढा, मग उघडा." लोकांना वाटायचं, आम्ही फ्रिजला देव मानतो. तू मात्र पाट पायाने बाजूला सारायचास. "मिठागरातले पाय हायत माझे. त्यांना विंचू चावत नाय, करंट काय करणार?"

वर्षभराने, मे महिन्यातली दुपार. तू मिठागरातून थेट आत आलास, पोटरीपर्यंत खारं पाणी निथळत होतं. मी ओटीवर वाचत बसले होते. आधी फ्रिजपाशी तांब्या पडल्याचा आवाज आला, मग तू पडल्याचा. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सगळ्यांनी ते मान्य केलं, मीही केलं. कदाचित ते खरंही असेल. मला हे कधीच कळणार नाही, आणि नोकरीसाठी घेतलेल्या रोह्याच्या खोलीत मी रोज यावरच येऊन थांबते.

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीत वायरमनने सगळ्यांना प्लग उघडून दाखवला. म्हणाला, "ताई, बारक्या दोन पिना वीज आणतात. जाडी पीन माणूस वाचवते." मी त्याला विचारलं, जुन्या घराला ते कसं करतात. खड्डा खणायचा, त्यात पत्रा पुरायचा, कोळसा आणि मीठ भरायचं, तिथून तार आत न्यायची. मीठ, आबा. आपल्या दारात तर मिठाची रास पडलेली असायची.

तुझं बारावं झालं आणि आईने पाट उचलून परत देवघरात ठेवला. तेव्हापासून ती अनवाणी उभी राहते, फ्रिजच्या कडीला तळवा लावते, डोळे मिटते. मी एकदा ओरडले तिच्यावर. ती शांतपणे म्हणाली, "तुझा बापूस हाय गो त्यात. अजून हात धरतो माझा." काही दिवशी मुंग्या जोरात येतात, काही दिवशी येत नाहीत. नाही आल्या, की ती दिवसभर उदास असते.

आता दादाने स्वयंपाकघरात लादी बसवली आणि फ्रिज मोरीशेजारी नेला. लादी सदा ओली असते. त्याची मुलगी दहा महिन्यांची झाली, हाताला लागेल ते धरून उभी राहते. गेल्या सुट्टीत ती रांगत फ्रिजकडे निघाली. मी धावत जाऊन तिला उचललं, तर आई हसली. "जाऊ दे की. आजा बोलावतोय तिला."

मी प्लग उपटला. आईने माझ्या डोळ्यांदेखत तो परत लावला. खरं कारण सांगायचं तर पुस्तकाचं ते पानही सांगावं लागेल, म्हणून मी पाच वाजता रोह्याची गाडी पकडली.

वायरमनला मी बोलावलं आहे. तो खड्डा खणेल, तेव्हा मी आईला आणि दादाला ओटीवर बसवून सगळं सांगेन, पितळेचा तुकडा पुढे ठेवेन. तार फ्रिजला जोडली की मुंग्या थांबतील. आईचा हात सुटेल, आणि तो मी सोडवला हे तिला कळेल.

एक राहिलं. गेल्या सुट्टीत, मुलीला उचलायच्या आधी सकाळी, घरात कुणी नसताना, मीही चपला काढून त्या कडीला हात लावला होता. मुंग्या आल्या. मी लगेच हात काढला नाही.

कंपनीला सुट्टी शुक्रवारी असते. येत्या शुक्रवारी, पहिल्या एसटीने.