सगळे अविवाहित

३ नोव्हेंबर, सोमवार

तुळशीची लग्नं सुरू. म्हणजे आमच्या वधू-वर सूचक केंद्राचा सीझन. मालक रंगनाथकाकांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं. जुन्यात सगळी माहिती आकड्यांत होती. १ म्हणजे अविवाहित, २ घटस्फोटित, ३ विधवा किंवा विधुर. नव्याला शब्द लागतात. कुठल्या आकड्यासमोर कुठला शब्द, ते एक्सेलच्या शीटमध्ये भरायचं आणि शीट अपलोड करायची. मग सगळ्या स्थळांची माहिती एकदम बदलते. शेजारच्या टेबलावरची निकिता म्हणाली, एकानं भरू, एकानं तपासू. मी म्हणालो, गरज नाही.

संकल्प: उद्या संध्याकाळपर्यंत, एकट्यानं.

४ नोव्हेंबर

दुपारीच संपवलं. एका खान्यात शब्द लिहायचा, कोपरा धरून खाली ओढायचा. निकिताला ही युक्ती माहीत नसावी. काकांनी चहा मागवला. म्हणाले, हरिओम, तू हायस म्हणून चाललंय. मनात आलं, आपण एक्सेलचे क्लास काढावेत का? परभणीत मागणी आहे.

५ नोव्हेंबर

पोखर्णीचे बन्सीधरराव मुलासाठी स्थळ बघायला आले. मुलगा जीवन, मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. मी रेणुकाचं स्थळ काढून दिलं. ताडकळसला शाळेत शिक्षिका. प्रिंट घडी घालून खिशात ठेवली, खूश होऊन गेले. माझ्या शीटवरचं पहिलं स्थळ.

६ नोव्हेंबर

योगीराज सर आले. रिटायर्ड, विधुर, तीन नातवंडं. म्हणाले, नव्या साइटवर मी अविवाहित दिसायलोय. तक्रार नव्हती, नुसतं सांगत होते.

शीट उघडली. कोपरा ओढताना १, २, ३ तिन्हींसमोर ‘अविवाहित’च उतरलं होतं. म्हणजे केंद्रातले सगळेच अविवाहित. एक्सेलनं विचारायला हवं होतं. दुरुस्त केलं, शीट परत चढवली, सरांना पुन्हा विधुर केलं. कुणाला सांगितलं नाही. चूकच उरली नाही तर सांगायचं काय.

रेणुकाची प्रिंट तेवढी बाहेर गेलीय. ती मुळात घटस्फोटित निघाली. पण परत मागणं बरं दिसत नाही. मुलीकडचे बोलता बोलता सांगतीलच.

९ नोव्हेंबर, रविवार

पोखर्णीच्या नृसिंह मंदिरात बघण्याचा कार्यक्रम. काकांसोबत गेलो. पोरगं आधी लाजत होतं, मग रेणुका काहीतरी म्हणाली आणि मोकळं हसलं. दोन्हीकडून पसंती. पहिल्या लग्नाचा विषय कुणीच काढला नाही. मुलीकडच्यांना वाटलं, कागदावर लिहिलेलंच आहे. मुलाकडच्यांना वाटलं, तसं काही नाहीच. मीही काढला नाही. देवळात असले विषय नकोत.

१२ नोव्हेंबर

बन्सीधरराव आले. बसले नाहीत. घरी आत्याला दाखवायला जीवननं मोबाइलवर रेणुकाचं पान उघडलं, तर ‘घटस्फोटित’. हातातल्या कागदावर ‘अविवाहित’. म्हणाले, “आमाला आधी सांगितलं असतं तर आमी न्हाई म्हणलो नसतो. पण एक कागद दावायचा, अन् पसंती झाली की गुपचूप बदलायचं, हे कसलं वागणं?”

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, सर्व्हर बघावा लागेल.

१३ नोव्हेंबर

काकांनी रेणुकाच्या आईला, सुलाबाईंना, फोन केला. त्या रडायल्या. लेकीनं फॉर्म स्वतःच्या हातानं भरला, खरं तेच लिहिलं, म्हणाल्या. आता बाजारात बाया तिला खोटारडी म्हणायल्यात. फोन स्पीकरवर होता. मला पाणी प्यायला उठावं लागलं.

उद्या पोखर्णीला जाऊन स्पष्ट सांगणार. वाक्य तयार आहे: ‘तांत्रिक कारणामुळे चुकीची नोंद झाली.’

१४ नोव्हेंबर

गाडीत हवा कमी.

१५ नोव्हेंबर

शनिवार. पोखर्णीला दर्शनाची गर्दी असते.

१६ नोव्हेंबर

गेलो. दर्शन घेतलं. बन्सीधररावांच्या दारावरून दोनदा गाडी नेली. अंगणात कापूस भरणं चालू होतं, माणसं होती. कामात व्यत्यय आणणं माझ्या स्वभावात नाही.

झोप नीट नाही. जेवण बदलून बघावं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रेणुका आली. शाळेतून थेट, खांद्याला वह्यांची पिशवी. काका बाहेर गेले होते, निकिता सुट्टीवर. विचारलं, “मी फॉर्मवर घटस्फोटित लिहिलं होतं. त्या कागदावर अविवाहित कुठून आलं?”

मी मॅपिंग, फील्ड, अपलोड, सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

“म्हणजे तुमच्याकडून झालं.”

तांत्रिकदृष्ट्या, म्हणालो.

“एवढंच पोखर्णीला जाऊन सांगायचं होतं.”

म्हणालो, उद्या जातो.

“आता नको. काल मीच गेले, कोर्टाचा कागद घेऊन. सगळ्यांसमोर वाचून दाखवला. ते म्हणले, झालं गेलं, पुढचं बोलू. मीच नको म्हणले.” मग म्हणाली, “केंद्रातून माझं नाव काढा.”

काढलं. ती स्क्रीनकडं बघत उभी होती. नाव जाईपर्यंत थांबली.

संध्याकाळी काकांनी यादी बघितली. विचारलं, रेणुकाचं नाव कसं काय दिसत नाही? सांगायला तोंड उघडलं होतं. म्हणालो, जमलं वाटतं कुठंतरी.

काकांचा चेहरा लय दिवसांनी उजळला. बरं झालं पोरीचं, म्हणाले, आणि दारावरच्या ‘जमलेले विवाह’ फळ्यावर तिचं नाव लिहायला सांगितलं.

माझं अक्षर चांगलं आहे. लिहिलं.