सशाच्या उंचीवरून

बाबा,

सरकारी क्वार्टरच्या मागच्या बागेत आपण दोघं पोटावर झोपून कुंपणाच्या कडेने सरकत होतो. मार्चमधली रविवारची सकाळ होती. हरळीला आदल्या संध्याकाळच्या पाण्याचा थोडा गारवा होता आणि तुमच्या पांढऱ्या सदऱ्याला कोपरापाशी हिरवे डाग पडले होते. मी बारा वर्षांची. "उभं राहून पायलं तर समदं बंद दिसते," तुम्ही म्हणालात. "सशाच्या उंचीवरून पाय, मंग समजन." मी हनुवटी गवतावर टेकवली. खरंच, उभ्याने न दिसलेली फट दिसली. नालीच्या तोंडाशी एक वीट सरकली होती आणि तिथून पलीकडच्या गल्लीतलं ऊन आत येत होतं. तुम्ही कानामागची पेन्सिल काढून हातातल्या कागदावर खूण केलीत. स्वयंपाकघराच्या दारात आई परात घेऊन तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "काहून जी, मानसाईले झोपाले खोली पुरत नाई, अन् सशाईले बंगला बांधून राहिले? आता वास्तुपूजेचं आवतनही द्या ऑफिसात." तुम्ही झोपल्या झोपल्याच म्हणालात, "तुले पयलं आवतन वं." आई हसली, तेव्हा तिच्या परातीतले तांदूळ सांडले. ते ससे खातील म्हणून तुम्ही उठून एकेक दाणा वेचलात.

ससे शाळेतले होते. विज्ञान शिकवणाऱ्या सिस्टरांच्या पिंजऱ्यात दाटी झाली, म्हणून त्यांनी मला दोन दिले, एक पांढरा, एक राखाडी. दोन्ही माद्या आहेत, म्हणजे तुमच्या घरी संख्या वाढणार नाही, असं त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि मी घरी येऊन तुम्हाला मराठीत सांगताना लाजले होते. तुम्ही पिंजरा नको म्हणालात. पायाला गवत लागलं पाहिजे, पळायला जागा पाहिजे, आणि तरी त्यांचं काही बिघडता कामा नये. बांधकाम खात्यात तुम्ही पूल आणि रस्त्याखालच्या मोऱ्यांचे नकाशे काढायचात. तसाच सशांच्या बागेचा नकाशा तुम्ही जाड कागदावर काळ्या शाईने काढलात. कोंबड्यांची जाळी जमिनीत वीतभर खोल, खालून आतल्या बाजूला वळवलेली, म्हणजे उकरणाऱ्या सशाला जाळीच लागावी. बावीस खांब. संत्र्याच्या रोपाच्या बुंध्याला पत्रा, साल कुरतडू नये म्हणून. मध्ये फुटक्या काठाचा रांजण आडवा ठेवलेला, घार आली तर शिरायला. मुंगसासाठी काय, बोक्यासाठी काय, सगळं बाणाने दाखवलेलं. आईने भिवापूरहून आलेली मिरची कुंपणाबाहेर टाकायला सुचवली, बोके येणार नाहीत म्हणून. तुम्ही सशांची नाकं किती नाजूक असतात ते तिला समजावत बसलात. आणि आपल्या फाटकाशी पिवळी कण्हेर होती, ती तुम्ही मुळासकट उपटलीत. नकाशावर तिच्या जागी लाल फुली आहे. "याचं एक पान पोटात गेलं का ससा वाचत नाई," तुम्ही मला सांगितलंत. पान मोडून दुधासारखा चीक दाखवलात आणि लगेच माझे हात साबणाने धुऊन दिलेत.

तुम्ही मला एकदाच रागावलात, तेही आवाज न चढवता. मी फाटकाची कडी लावायला विसरले होते. तुम्ही माझं मनगट धरून बावीसच्या बावीस खांबांना माझा हात लावलात. प्रत्येक खांब हलवून पाहायचा, जाळी ओढून पाहायची. "हातानं पायत जा," तुम्ही म्हणालात. "डोळे आपल्याले पायजे तेच पायतेत. हात खोटं बोलत नाई." त्यानंतर रोज संध्याकाळी शाळेचा गणवेश बदलायच्या आधी मी खांबांना हात लावत फिरायची. ससे मागे यायचे. राखाडीचा एक कान पडलेला असायचा. पांढरी धीट होती, तुमच्या चपलेवर बसायची आणि तुम्ही पाय न हलवता पेपर वाचायचात. ते तीन महिने मी इतकी सुखात होते की पुढच्या आयुष्यातलं काही मी त्याच्याशी ताडून पाहिलं नाही.

मे महिन्यात नवतपा लागला, नऊ दिवसांचं कडक ऊन. दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही बागेत चार बांबू रोवलेत. वर सावली घालायची राहिली होती. "शनवारी येतो, मंग मांडव टाकू. तवरीक दहापर्यंतच बाहेर ठेव त्याइले. दहाच्या पुढं ओसरीत, ओल्या पोत्यावर." मी हो म्हटलं. पण मला वाटलं, तुम्ही याल तेव्हा मांडव तयार असावा. नुकतंच आपण मामाच्या लग्नाला गेलो होतो आणि तिथे जांभळीच्या डहाळ्यांनी भरलेला मांडव मी पाहिला होता. खाली उभं राहिलं की अंगावर हिरवा उजेड पडायचा. तसा मांडव मला सशांसाठी हवा होता.

शुक्रवारी दुपारी आई निजली आहे. शेजारच्या बंगल्यात माळी कुंपण छाटतो आहे आणि भिंतीपाशी फांद्यांचा ढीग पडला आहे, अरुंद, चकचकीत पानांचा. फुलं नाहीत. मी विचारते, "भाऊ, मी नेऊ का ह्या?" तो म्हणतो, "ने वं माय, मले फेकाचा ताप वाचते." मी तीन खेपा करते. बांबूंवर काड्या टाकते, वर फांद्या पसरते. मांडव सुरेख होतो. खाली हिरवा उजेड पडतो. मी दोघींना आणून खाली सोडते, पाण्याचं मडकं ठेवते, आणि ओसरीच्या पायरीवर बसते. बाराच्या पुढची वेळ असेल. वाळ्याच्या पडद्याचा ओला वास येतो आहे. माझा डोळा लागतो.

मला वाऱ्याने जाग आली. ती गरम वावटळ तुम्हाला माहीत आहे, दुपारी अंगणातून एकदा गोल फिरते आणि निघून जाते. मांडव एका बाजूने उघडा पडला होता आणि हरळीभर पानं पसरली होती. काही अर्धी खाल्लेली. राखाडी बांबूपाशी आडवी होती, पाय झटकत होती. पांढरी रांजणात शिरली होती. मी हात घातला तेव्हा ती गरम होती, पण हलत नव्हती. मग मी जे केलं ते मी फार शांतपणे केलं, बाबा. मी एकेक पान वेचलं. तुम्ही तांदूळ वेचला होतात ना, तसं. फांद्या भिंतीवरून परत माळ्याच्या ढिगात टाकल्या. काड्या चुलीशी नेऊन ठेवल्या. बागेत तुमचे चार बांबू उरले, उघडे. मग मी आईला उठवलं.

तुम्ही शनिवारी आलात. आईने दारातच सांगितलं, तसे सायकल भिंतीला टेकवून थेट मागे गेलात. मी तुमच्या मागे उभी होते. "किती वाजले होते?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "दहाच्या आतच पडले, बाबा." आई म्हणाली, "मी सैपाकातच होती, मले तं काईच दिसलं नाई." ती सकाळबद्दल बोलत होती आणि ते खरंच होतं. तुम्ही बराच वेळ त्या चार बांबूंकडे पाहत राहिलात. मग मला जवळ घेऊन म्हणालात, "तू काहून रडून राहिली? तुयं काई चुकलं नाई." रात्रीच्या जेवणाआधी तुम्ही बागेचा नकाशा बाहेर काढलात आणि मांडवाच्या जागेशेजारी पेन्सिलीने लिहिलंत: सावली अपुरी. चूक माझी. खाली सही केलीत, मोऱ्यांच्या नकाशावर करायचात तशीच.

तिथे थांबलं असतं तर मी कदाचित विसरले असते. पण त्या वर्षापासून तुम्ही ऑफिसातला प्रत्येक नकाशा आधी दुसऱ्याला दाखवायला लागलात. तुमच्या हाताखालच्या लोकांनासुद्धा. एकदा एक जण घरी आले होते, ते आईला गमतीने म्हणाले, "वहिनी, साहेबाईनं माह्याकडून साधी नाली तपासून घेतली. मले तर वाटलं माही परीक्षा घेऊन राहिले." तुम्ही त्यांच्या हसण्यात हसलात. मी चहाचे कप उचलून आत गेले. बागेत पुन्हा हरळी लावली नाही. बांबू तसेच उभे होते, एकेक करून वाळवीने खाल्ले.

शाळेत शुक्रवारी कॅथलिक मुली रांगेने चॅपलमध्ये फादरांपुढे आपल्या चुका कबूल करायला जायच्या आणि हलक्या होऊन यायच्या. मी सिस्टरांना विचारलं, मला जाता येईल का. त्यांनी विचारलं, काय सांगायचं आहे? मी म्हटलं, वडिलांशी खोटं बोलले. त्या म्हणाल्या, मग त्यासाठी रांग कशाला, वडिलांनाच सांग. इतकं सोपं होतं. तेव्हा आपल्या घरापर्यंत वीस मिनिटांचा रस्ता होता आणि तो मी पुढची पाच वर्षं रोज चालले.

शेवटची संधी धंतोलीतल्या त्या दवाखान्यात होती. तुमचं पोट फुगलं होतं आणि बोलताना दम लागायचा. मी संत्रं सोलत होते. तुम्ही छताकडे पाहत म्हणालात, "त्या सशाईले मी सावली नाई करू शकलो वं." वीस वर्षं होत आली होती. मी म्हटलं, "जुनं झालं ते, बाबा." तुम्ही म्हणालात, "जुनं होते काय?" खोलीत आपण दोघंच होतो. कोणी येणार नव्हतं. घाई नव्हती. मी फोडीवरचे दोरे काढले, बी काढली, आणि फोड तुमच्या तोंडात ठेवली. तुम्ही चावत राहिलात. मग तुम्ही दुसरी मागितली नाहीत.

तुम्हाला सगळं माहीत होतं, मला वाचवण्यासाठी तुम्ही दोष घेतलात, असं मी किती वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. ते टिकत नाही. तुम्ही नकाशावर खोटं लिहिणारे नव्हतात. आणि फुलं नव्हती म्हणून मी झाड ओळखलं नाही, असंही सांगून पाहिलं. पण पहिल्या खेपेलाच चीक हाताला लागला होता. बोटं एकमेकांना चिकटली होती. हात खोटं बोलत नाही. मला कळलं होतं, बाबा. मांडव फार छान दिसेल असं वाटलं, आणि वाटलं, फांद्या तर वर आहेत, ससे इतक्या उंच कुठे पोचणार. मी उभ्याने पाहिलं.

हे सगळं आता लिहिते आहे कारण मला काचबिंदू आहे. धंतोलीतलेच डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरली ती सांभाळायची. आणि उरली तीही फार नाही. तुमची अक्षरं भिंगाखाली धरूनसुद्धा एकावेळी तीनच दिसतात. म्हणून तुमच्या वस्तूंचं ठरवून टाकलं आहे. वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, पण तुम्हालाही सांगते, कारण त्या तुमच्या आहेत. पितळी कंपासपेटी धाकट्या भावाच्या मुलीला द्यायची. ती संगणकावर घरांचे नकाशे काढते, तिला पेटी लागणार नाही, पण ती पुसून ठेवेल. चामड्याच्या डबीतला टेप माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना. त्या घरी ब्लाउज शिवतात आणि टेप किती चांगला आहे हे त्यांनी दोनदा म्हटलं आहे. आईची परात त्यांनाच. रांजण अजून माझ्या मागच्या दारी आहे. तो शेजारच्या वहिनींना, आडवाच ठेवायला सांगून.

नकाशाचं मात्र सांगायला हवं. गेल्या महिन्यात धाकट्याच्या मुलीचा फोन आला. तिच्या लेकीने दोन ससे आणले आहेत, त्यांना बागेत मोकळं सोडायचं म्हणते. "आत्या, आजोबांचा तो नकाशा द्या ना मला." मी म्हटलं, त्याला वाळवी लागली, केव्हाच गेला. मग मी तिला सगळं तोंडपाठ सांगितलं. जाळी वीतभर खोल, आतल्या बाजूला वळवलेली. बुंध्याला पत्रा. मध्ये आडवा रांजण. पोटावर झोपून फट शोध. कण्हेर उपट, आणि तोडलेली फांदीसुद्धा आणू नकोस, वर बांधायलासुद्धा नाही, वारा येतो. तिने विचारलं, "वर कोण बांधतं, आत्या? हे तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, वाचलं होतं कुठेतरी.

नकाशा कपाटात वरच्या खणात आहे, धडधाकट. तुमच्या सहीखाली एक ओळ मावेल एवढी जागा आहे. आज सकाळी मी तिथे पेन टेकवला आणि मग टोपण लावलं. तो कोणालाच द्यायचा नाही. माझ्याबरोबर जाळायचा, असं कागदावर लिहिलं आहे. ते पाहून लोक म्हणतील, हिचा बापावर किती जीव होता. ते खरंच आहे, पण कारण ते नाही.