मशीन दुरुस्त करावी की नवी घ्यावी

अमरावती

ती. मैनाताईस,
धाकट्या सुगतचा सविनय जयभीम.

तुझे गुडघे आता जिना चढू देतात की नाही, हे आधी कळव. भाऊजींनी साखर सोडली असं ऐकलं. खरोखर सोडली की फक्त तुझ्यासमोर, हेही बघून ठेव. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. सर्व म्हणजे मी, प्रतीक्षा आणि भांडी धुण्याची मशीन. त्यातली मशीन बंद आहे.

प्रतीक्षाच्या मनगटाचं ऑपरेशन झालं तेव्हा नीलमने ती पुण्याहून पाठवली (लेक गुणी आहे, फक्त फोन उचलत नाही). मशीन बिनबोभाट चालली. मग एका दुपारी तिची पावडर संपली म्हणून मी तिच्यात भांडी घासायचं साधं लिक्विड ओतलं. थोडंसंच. फेस दारातून निघाला, ओट्याखालून फिरला आणि हॉलमध्ये आला. प्रतीक्षा पेपर वाचत होती. तिने पाय वर घेतले आणि पेपर वाचत राहिली. फेस ओसरला, पण मशीन गुरगुरून जी गप्प झाली ती झालीच.

तुला ठाऊक आहे, मी वीज खात्यातून निवृत्त झालो. तिथं मी बिलं तपासायचो, हे कॉलनीत कोणालाच पटत नाही; कोणाचाही पंखा अडला की मला बोलावतात. (मीही जातो. पंख्याकडे बघतो आणि कंडेन्सर गेला म्हणून सांगतो. बहुतेक वेळा तो गेलेलाच असतो.) अशा माणसाने मेकॅनिक बोलावणं बरं दिसलं नसतं. म्हणून पेचकस घेऊन मशीन मीच उघडली. परत बंद केली तेव्हा मूठभर स्क्रू उरले. ते वाटीत ठेवले आहेत, म्हणजे हरवायचे नाहीत.

शेवटी प्रतीक्षाने प्रीतम नावाचा मेकॅनिक बोलावलाच. त्याने मागचं झाकण काढून बराच वेळ पाहिलं.

"काका, हे कोनं उघडलं?"

"उंदरानं वायरी कुरतडल्या असतीन," मी म्हणालो.

"उंदरापाशी पेचकस होता काय?"

पाण्याचा पंप गेला, पार्ट नागपूरहून मिळाला तर येतो, नाहीतर नवी घ्या, असं सांगून तो गेला.

तेव्हापासून घरात हाच विषय. नीलम म्हणते, नवी घ्या. प्रतीक्षा म्हणते, चांगली मशीन कावून फेकता? माझं मत जेवणाआधी एक असतं आणि भांडी घासून झाल्यावर दुसरं, कारण भांडी मी घासतो. तिच्या मनगटाला जोर सोसत नाही आणि बिघाडही माझाच. ती शेजारी स्टूल टाकून बसते आणि कढईच्या बुडाकडे बोट दाखवते.

मग कळलं की मूर्तिजापूरच्या भगवंतकडे (माझ्यासोबत खात्यात होता) अशीच एक मशीन बंद पडून आहे. तिचा पंप मिळेल म्हणून मी सकाळच्या गाडीने गेलो. मशीन होती. खालच्या जाळीत तुरीच्या दाळीचे डबे, वरच्या जाळीत पापड. भगवंत म्हणाला, "पंप काढला त भोक पडन ना बावा, मुंग्या जातीन." त्याने जेवू घातलं, पंप दिला नाही. जेवण झाल्यावर मी सवयीने माझं ताट घासून ठेवलं. त्याची बायको त्याच्याकडे कशी पाहत होती, ते लिहीत नाही.

भाऊजींना जयभीम.

तुझा,
सुगत

ता. क. प्रतीक्षा माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. तिला फोन कर आणि तुमच्या अकोल्यात आता कोणीच मशीन दुरुस्त करत नाही, सगळे नवीच घेतात, असं सांग. मी सांगितलं म्हणू नको. फोनवर बोललो तर ती ऐकते, म्हणून हे पत्र. पोस्टात टाकायलाही तिच्याच हाती देतो आहे, पण पाकीट नीट चिकटवलं आहे.

ता. क. ताई, मी प्रतीक्षा. डिंक वाळला नव्हता. हे मूर्तिजापूरले गेले त्याच दिवशी प्रीतम पार्ट घेऊन आला. मशीन मस्त चालू आहे. मी यांना सांगितलं नाही. रिटायर झाल्यापासून हे दिवसभर मोबाईलमधी डोकं घालून बसत. आता ओट्यापाशी उभे राहून बोलून राहिले. काल कढई घासता घासता म्हणाले, "तुहा हात अजून दुखते काय वं?" ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा विचारलं. तर फोन नक्की करा. पण दुरुस्तच करा म्हणा, पार्ट यायले वेळ लागते म्हणा. निदान उन्हाळ्यापर्यंत तरी.