डल्सीताईच्या वाट्याचा मासा

डल्सीताई,

तुझा पत्ता कुणालाच ठाऊक नाही, तरी लिहितेय. दर नाताळात, ऐन उन्हाळ्यात, आम्ही सगळे नदीकाठी जमतो. निखाऱ्यांवर भाजलेल्या माशाचा सगळ्यात चांगला तुकडा आई तुझ्यासाठी बाजूला काढते. माझा जळफळाट होतो. तुला सिडनीला शिकायला पाठवलं आणि मला मात्र इथेच ठेवलं, असंच मी धरून चालले होते.

यंदा मी बोललेच, "जी कधी येत नाही, तिचे एवढे लाड?"

क्लॅरीमामा म्हणाला, "पाठवलं नाही गं, सरकारी माणसांनी नेलं तिला. आपल्या आदिवासींतली उजळ रंगाची पोरं अशीच उचलून न्यायचे, गोऱ्यांसारखी वाढवायला. तुझी आई त्या गाडीमागे पार पुलापर्यंत धावली होती."

आई मान खाली घालून काटे काढत राहिली.

ताई, सगळं कळलं, तरी तुझा हेवा जात नाही. माझ्यासाठी ती कधीच धावलेली नाही.

तुझी न पाहिलेली बहीण,
नोरीन