आईची कवळी

३ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी आज माझ्याच तोंडाचा साचा माझ्याच हातात ठेवला. "मी काही बोलत नाही, तुम्हीच बघा." जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवतेय, साचा बघून माणूस कसा चावतो ते सांगते— आणि माझ्या दाढा? पार सपाट! झोपेत दात खाते मी. उंटीण कधीपासून सांगत होती. मी तिलाच वेड्यात काढत होते.

नवी वही आहे म्हणून सांगून ठेवते— उंटीण म्हणजे माझी उंटीण. घरात दिव्याला डोकं आपटणारी एकटीच. बऱ्याच वर्षांचा संसार आमचा. आईच्या लेखी मात्र ती "सोयीसाठी एकत्र राहणारी मैत्रीण".

डॉक्टर म्हणाले, "झोपताना दातांवर घालायची पट्टी बनवा स्वतःसाठी. पण पट्टीने दात वाचतील, तुम्ही नाही. कुणाशी तरी बोला." एक पत्ता लिहून दिला. असा राग आला! मला काय वेड लागलंय? पत्ता पर्समध्ये टाकला.

१० मार्च, सोमवार

गेले!

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर खोली. खाली टायरमध्ये हवा भरण्याचा आवाज, वर बाई आणि मी. समुपदेशक म्हणजे कुणीतरी कडक इस्त्रीतली असणार, असं वाटलं होतं. या बाईंच्या पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे! झोप कशी, जेवता कधी, चालता का, शेवटचं पोट धरून कधी हसलात— सगळं विचारलं. मला वाटलं होतं, थेट डोक्यात हात घालतील.

मग, "घरी कोण कोण असतं?" नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच पडलं— "मी आणि माझी जोडीदार. ती." बाईंची भुवईसुद्धा हलली नाही. "मग तुम्ही दात खाता तेव्हा त्यांची झोप कशी होते?" बस, एवढंच विचारलं! जणू मी नवरा म्हटलं असतं तरी हेच विचारलं असतं.

जिना उतरेपर्यंत धीर धरला, खाली आल्यावर ढसाढसा रडले. सायकलवाल्याने काही न विचारता स्टूल पुढे सरकवलं. त्याला सवय असावी.

१६ मार्च, रविवार

काल आईचा फोन, दर शनिवारी येतो तसाच. "ठमे, टोचतंय गं." म्हणजे आजचा रविवार आईकडे.

तिची कवळी मीच बनवलेली. अख्ख्या शहरात लोक माझ्या कवळ्या घालून कडाकडा चावतात, आणि माझ्याच आईला बसत नाही! निळा कागद चावायला दिला, जिथे निळं उमटलं तिथे घासलं. मागच्या वेळी डावीकडे टोचत होती, आज उजवीकडे. हिरडीवर साधी लालीसुद्धा नाही. माझेच डोळे गेलेत बहुतेक. घासून घासून कवळी पातळ झाली पार.

काम झालं की आई खुशीत. समोर बसवून खायला घालते, शेजारच्या काकूंच्या सुनेची इत्थंभूत बातमी देते. निघताना दारात म्हणाली, "मैत्रीण बरी आहे ना तुझी?"

"बरी आहे."

घरी येईपर्यंत जबडा दुखत होता.

२४ मार्च, सोमवार

बाईंनी मध्येच विचारलं, "आत्ता या क्षणी तुमचे दात कुठे आहेत?"

एकमेकांवर घट्ट! मी फिसकन हसले. हे मला कुणी सांगायचं? माणूस निवांत असतो तेव्हा वरचे-खालचे दात टेकत नाहीत, मध्ये बारीक फट असते. प्रत्येक कवळीत मी ती जपून ठेवते. नाही ठेवली तर माणूस बोलताना दात वाजतात, चेहरा दमतो. बाईंना हे सगळं तावातावाने समजावलं आणि माझं मलाच ऐकू आलं. बाई म्हणाल्या, "चला, जरा चालून येऊ."

मागच्या गल्लीत फेऱ्या मारत सगळं सांगून टाकलं. आईला सांगायचंय. कधीपासून सांगायचंय! बाबा गेल्यापासून तिला मी एकटीच. तिने तोंड फिरवलं तर मला आई उरणार नाही, आणि तिला कुणीच उरणार नाही.

वाटलं, आता म्हणतील, धीर करा. तर म्हणाल्या, "सांगायलाच हवं असं काही नाही. कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते तुमचं. आपण फक्त एवढंच बघू, हे ओझं तुम्ही धरता कुठे?"

मी गालावर हात ठेवला.

२५ मार्च

ओठ मिटलेले, दात सुटे. दिवसभर हाच जप. लॅबमधला मेणाचं काम करणारा दुपारी जवळ येऊन म्हणाला, "ताई, आज ओरडला नाहीत कुणावर. बरं वाटत नाही का?" आगाऊ!

२ एप्रिल, बुधवार

उंटिणीने सकाळी रागाने उठवलं. "माझ्या झोपेचं खोबरं केलंस! काही आवाजच येईना, मी घाबरून तुझ्या नाकाशी बोट धरून बसले!" इतक्या हसलो दोघी की शेजारच्यांनी भिंत वाजवली.

कुणाकुणाचे उपकार मानू? डॉक्टरांचे, की राग येईल हे माहीत असून बोलले. बाईंचे तर आहेतच. त्या स्टुलाचेसुद्धा. आणि हिचे, की इतकी वर्षं "मैत्रीण" म्हणवून घेतलं, एकदाही तोंड वाकडं केलं नाही. आज तिला हे बोलून दाखवलं. "केलं होतं, तू बघितलं नाहीस," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

आईला नवी कवळी बनवायला घेतलीय. जुनी घासणं बस झालं. नवं माप, नवे दात. आणि त्याच दिवशी सांगणार. बाईंना कळवलं नाही. हे माझं मी ठरवलंय.

६ एप्रिल, रविवार

कवळी बसली. अशी बसली की मीच बघत राहिले! बाबा असतानाची आई दिसली. आरशात बघून म्हणाली, "चांगली केलीस गं," पण आवाज का कोण जाणे उतरलेला.

मग सांगितलं. दात सुटे होते. "आई, ती मैत्रीण नाही. म्हणजे मैत्रीण आहेच, पण माझं माणूस आहे ती. नवरा-बायको राहतात तशा राहतो आम्ही. सुखात आहोत."

आई बराच वेळ टेबलावरचे नसलेले कण गोळा करत होती.

"ती उंच मुलगी? फोटोत मागे उभी असते ती?"

"हो."

"चहा गार झाला तुझा," म्हणाली. उठली आणि आतल्या खोलीत गेली. बाहेर आलीच नाही. मी कपबश्या विसळून दार ओढून घेतलं.

१२ एप्रिल, शनिवार

फोन नाही.

कवळी इतकी चांगली का बनवली मी? जरा तरी टोचायला हवी होती.

१४ एप्रिल, सोमवार

बाईंकडे नुसती रडले. त्यांनी पांघरूण दिलं, खिडकी लावली, घाई केली नाही. शेवटी मीच विचारलं, "आईची भीती वाटते, आणि हलकंही वाटतं. असं दोन्ही एकदम चालतं का?"

"चालतं की."

खरं सांगते, पस्तावा नाही. आई परत आली नाही तर मी मोडून पडेन, पण खोटं बोलून नाही. महिन्यापूर्वी हे वाक्य मला लिहितासुद्धा आलं नसतं. जिना उतरले तर सायकलवाल्याने स्टूल आधीच काढून ठेवलेलं. म्हटलं, "आज वर रडून आलेय!" तोही हसला.

१९ एप्रिल, शनिवार

आईचा फोन. "ठमे, टोचतंय."

जीव भांड्यात पडला. "कुठे टोचतंय?"

"कुठेच नाही. आधीचीही कधी टोचली नाही. बसते म्हटलं असतं, तर दर रविवारी आली असतीस का तू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग आई घसा खाकरून म्हणाली, "उद्या दोघी या. आणि तिला सांग, दारात वाकून ये म्हणावं. माझी चौकट बुटकी आहे."