बोगद्याच्या तोंडाशी हॉयट

२ सप्टेंबर, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडून आत्ताच आलो. हॉयट परसात गवत कापतोय — या उन्हात! कापू दे. तेवढंच मला स्वयंपाकघरात बसून रडता येतंय.

हॉयटच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर जाणार. कडेकडेचं दिसत राहील, समोरचं नाही. "वर्षभरात," डॉक्टर म्हणाली. पोरगीच आहे, आमच्या रेनीहून लहान. चित्र काढून सगळं नीट समजावलं बिचारीने. हॉयटने एकच विचारलं, "नोव्हेंबरपर्यंत टिकतील ना?"

"शिकारीला जाता का?" ती म्हणाली.

शिकार कसली डोंबलाची! ऑस्बीत जन्मली असती तर असलं विचारलं नसतं. बावीस नोव्हेंबरला ग्रँथम कॉलेज आमच्या मैदानावर खेळायला येतंय. एक वर्ष ते इथे, एक वर्ष आम्ही तिथे. म्हणजे पुन्हा इथे येतील तोवर हॉयटला — नको, लिहीत नाही.

आणि या माणसाने, लग्नाआधीपासून ऑस्बी कॉलेजच्या फुटबॉलपायी शनिवारच्या शनिवार घालवलेल्या माणसाने, आमच्या संघाला, आमच्या बगळ्यांना, ग्रँथमवर जिंकताना एकदाही पाहिलेलं नाही. एकदाही! जिंकलो नाही असं नाही. चांगले जिंकलोय. आम्हीच त्याला बघू दिलं नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल हंगामातला पहिला सामना. घसा पार बसलाय. चर्चमध्ये नुसते ओठ हलवले.

पहाटे उठून कोंबडी तळली. सामन्याआधी मैदानाबाहेर सगळे जेवतो त्या पेकनच्या झाडाखाली पोचलो तर बर्लने आमची जागा दोरी बांधून धरून ठेवलेली. बर्ल टिडवेल — टायरचं दुकान आहे त्याचं, आणि मैदानात तो बरोब्बर आमच्या पुढे बसतो. पाठ ही एवढी रुंद! अर्धा सामना मी त्याच्या काखेखालून पाहिलाय. आमच्या मागे मिस ऑपल. नव्वदी ओलांडली, पण गाईच्या गळ्यातली घंटा अशी बडवते की कानात दडे बसतात. एरवी वर्षभर आम्ही एकमेकांच्या घरी जात नाही. पण कुणाचं पित्ताशय काढलं, कुणाच्या सुनेचं बिनसलंय, सगळं ठाऊक.

बँड मेन स्ट्रीटवरून वाजत आला तेव्हा दरवर्षीसारखा माझ्या अंगावर काटा आला. सगळं गाव नारिंगी! कुत्र्यांनासुद्धा नारिंगी रुमाल. हॉयट थांबून सगळ्यांकडे बघत राहिला. मी हात ओढला तर म्हणाला, "थांब की जरा."

तिसऱ्या भागात भोंग्यावरून आजची गर्दी किती ते सांगितलं. धादांत खोटं! तिकिटं खपली तेवढी डोकी धरतात. बाकं तर डोळ्यांसमोर रिकामी होती, कारण विद्यार्थी मध्यंतरालाच पळाले. ऊन लागतं म्हणे राजपुत्रांना! आमच्या रांगेत गर्दीच्या आकड्यावर उकडलेल्या शेंगांची पैज असते. मिस ऑपल जिंकली. नेहमीच जिंकते. "भोंग्यावरचा माणूस किती फेकतो ते मला माहितीये, बाळा," म्हणाली.

जिंकलो काल. आरामात. हॉयटला उठावं लागलं नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

ते उठण्याचं एकदा लिहूनच टाकते. डोक्यातून जात नाहीये.

रेनी शाळेत होती तेव्हाची गोष्ट. ग्रँथमशी सामना, चौथा म्हणजे शेवटचा भाग, आपण मागे. हॉयटला लघवीला लागली. तो गेला आणि आपला टचडाऊन, एकदम सहा गुण! तो परत येऊन बसला, लगेच आपल्या पोराच्या हातून चेंडू निसटला. बर्ल हळूच मागे वळला. "हॉयट, लेका, परत जाऊन ये."

"आत्ताच जाऊन आलो!"

"मग हात धुऊन ये."

हॉयट गेला. आपण जिंकलो, ग्रँथमवर पहिल्यांदाच. झालं! तेव्हापासून नियमच पडला. चौथ्या भागात आपण मागे असलो की हॉयटने उठायचं, खाली, पोरं बाकांखालून मैदानात येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी जायचं आणि मैदानाकडे पाठ करून उभं राहायचं. पाठीचं कलम बर्लचं. एका वर्षी हॉयट हटून बसला, "मी नाही जाणार." शेवटची किक खांबाला लागून बाहेर! बर्ल नाताळपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. आणि हा खुळा, अख्ख्या रांगेची माफी मागत फिरला!

बाकीच्यांना आपण लोळवतो. ग्रँथमशी मात्र शेवटपर्यंत मागेच असतो. म्हणून दरवेळी हॉयट बोगद्यात, आणि जल्लोष वर. मीही ढकललंय त्याला. "ऊठ ना रे, वेळ नाहीये!" असं ओरडून.

या वर्षी नाही. या वर्षी तो बसणार आणि बघणार. मी पण टिडवेलांच्या तोंडाला लागायला घाबरत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

काल धो धो पाऊस. मैदानात आम्ही आणि बँडमधल्या पोरांचे आईबाप. भोंगेवाल्याने तरी बेधडक आकडा फेकला. आम्ही मूठभर माणसं अशी हसलो!

हॉयट खूश होता, पावसात त्याला नेहमीच चेव येतो. मग एकदा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "कुणाकडे आहे गं?"

चेंडू. त्याला चेंडू सापडत नव्हता.

"अकरा नंबरकडे," मी म्हटलं. पावसामुळे मलाही नीट दिसत नाही, असं वर जोडून दिलं. त्याने मान हलवली. दोघांनाही माहीत होतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

हॉयटने कुणाला सांगायचं नाही म्हणून बजावलंय. आज टायरमधली हवा बघायच्या निमित्ताने गेले आणि बर्लला सगळं सांगून टाकलं. त्याने पाना खाली ठेवला. बराच वेळ हातच पुसत बसला.

"ग्रँथमच्या दिवशी त्याला उठवू नकोस, बर्ल. काहीही होऊ दे."

"मिस आयडेल," म्हणाला, "तुम्ही माझी किडनी मागा. आत्ता काढून देतो. पण हे..."

"तुझी किडनी काय लोणच्याला घालू?"

हसला नाही. डोळे भरले होते त्याचे. शेवटी म्हणाला, "ठीक. मी वळणार नाही. ब्र काढणार नाही. पण हरलो तर माझ्याकडे बघू नका."

हवेचे पैसे घेतले नाहीत. तशीही हवा ठीकच होती.

१९ ऑक्टोबर, रविवार

रेनीचा अटलांटाहून फोन. ग्रँथमचा सामना घरीच मोठ्या टीव्हीवर बघा, बाबांना जवळून दिसेल, पायऱ्या चढायला नकोत. मुलगी प्रेमानेच सांगते, पण चीड आली मला! हॉयटने फोन घेतला. "टीव्हीवर चेंडू दिसतो गं पोरी. माणसं कुठे दिसतात?"

मला वाटलं, उगीच काहीतरी बोलतोय.

९ नोव्हेंबर, रविवार

हरलो. काही लिहायचं नाही. अंड्यांची कोशिंबीरसुद्धा नासली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या! चार डझन अंडी उकडून, बलकात मोहरी कालवून भरली. कोंबडीला ताक लावून ठेवलंय. हॉयटने त्याचं जुनं नारिंगी जाकीट काढलंय. ते हंगामात धुवायचं नसतं, त्यामुळे व्हरांड्यात टांगलंय. गावात ग्रँथमच्या गाड्या येऊ लागल्या. पेट्रोल भरताना एकाने मला हॉर्न मारला. मी त्याला जे म्हटलं ते इथे लिहिणार नाही.

देवा, एवढं एकदा. पोरांना पुढे राहू दे, म्हणजे प्रश्नच यायचा नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

घसा नाही. सगळं लिहिते.

काल एक बाक रिकामं नव्हतं. पायऱ्यांवर माणसं, कठड्याला माणसं. भोंगेवाल्याला पहिल्यांदाच खोटं बोलावं लागलं नसेल. मिस ऑपलसुद्धा पैज हरली. हॉयट माझ्या शेजारी, मांडीवर शेंगांची पुडी. मी हळू आवाजात सगळं सांगत होते, कोण पळाला, कोण पडला. तो हं हं करत होता.

चौथा भाग. चार गुणांनी मागे. अर्थात!

बर्ल वळला नाही. शब्दाला जागला. पण त्याचे कान लालबुंद झाले होते. मिस ऑपलची घंटा थांबली. बर्लने सगळ्या रांगेला सांगून ठेवलेलं दिसत होतं. आमच्या आसपासच्या एकाही माणसाने आमच्याकडे वळून पाहिलं नाही, आणि ते न बघणं इतकं मोठं होतं की हॉयटच्या लक्षात आल्याशिवाय राहतंय होय!

"बर्ल, मान अवघडली का रे?"

"नाही."

"मग वळत का नाहीस?"

हॉयटने माझ्याकडे पाहिलं. "सांगितलंस तू."

"सांगितलं. हो, सांगितलं!"

तो उठला. मी जाकीट धरून ओढलं. "खाली बस! मेल्या, एकदा तरी बघ!"

"काय बघू, आयडेल? हरताना बघू? त्यासाठी राखून ठेवलेत का मी डोळे?" रागाने नाही म्हणाला. माझी बोटं एकेक करून सोडवली आणि कठड्याला धरत खाली गेला.

मी बसले. एक डाव गेला. पोरांनी थोडं पुढे ढकललं. आणि मला बसवेना. इतक्या वर्षांत चौथ्या भागात मी जागा सोडलेली नाही. मी उठले तशी मिस ऑपल किंचाळली, "अगं, तू कुठे निघालीस? तू गेल्यावर काय होतं ते आपल्याला माहीत नाही!"

"आज कळेल!" म्हटलं, आणि गेले.

हॉयट बोगद्याच्या तोंडाशी उभा होता. मैदानाकडे पाठ, अगदी नियमाने. मला वाटायचं तो समोरच्या सिमेंटच्या भिंतीकडे बघत असेल. आम्ही कधी पाहिलंच नाही, आमचे डोळे चेंडूवर. भिंतबिंत नव्हतीच समोर. त्याने मान वर केली होती, आणि पुढ्यात आमचं सगळं गाव बसलेलं होतं.

"शू," म्हणाला. "बर्लने टोपी काढली. म्हणजे चारातला तिसरा प्रयत्न."

"तू दरवेळी हेच..."

"ऑपलने घंटा पोटाशी धरली बघ. चेंडू अजून आपल्याकडेच आहे."

मला चेहरे ओळखू येत होते. त्याला नुसत्या आकृत्या, तरी तो एकेकाचं बिनचूक सांगत होता. मग म्हणाला, "आपल्या जागा रिकाम्या आहेत. विचित्र वाटतं. इतकी वर्षं मी तिथेच बघतोय. तू आधी तोंडावर दोन्ही हात घेतेस. मग उडी मारतेस. तुझे हात वर गेले की मला कळतं, झालं आपलं काम."

मागे मैदानात शिट्टी वाजली. मी वळणार, तर त्याने खांदा धरला. "वळू नकोस हां. नियम आहे."

नाही वळले. लोक खालच्या रांगांपासून उठत गेले. असा आवाज, असा आवाज, पायाखालचं सिमेंट हाललं! बर्लने मिस ऑपलला घंटेसकट उचललं. माझे हात तोंडावर गेले, आणि मग मी उडी मारली, या वयात, या गुडघ्यांनी!

हॉयट वर बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, अगदी नाकाला नाक लागेल एवढा जवळून.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रेनीचा फोन. "टीव्हीवर तो टचडाऊन चार-चारदा दाखवला! बाबांना दिसला का गं?"

"दिसला," म्हटलं.

६ सप्टेंबर, रविवार

नवा हंगाम काल सुरू झाला. आता हॉयटला समोरचं काही दिसत नाही. मी त्याला हाताला धरून जागेवर नेलं. चौथ्या भागात आपण मागे पडलो, आणि हा सवयीने उठला. बर्ल वळला. "कुठे निघालास? बस, लेका. तू बघायचं नाही, एवढाच नियम होता." आवाज फुटला त्याचा. "आता शेवटपर्यंत बस."

हॉयट बसला. मग त्याने चाचपत माझ्या गालावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. शेवटच्या मिनिटाला माझे हात तोंडाकडे गेले, त्याच्या बोटांवरूनच. मी उडी मारायच्या आत तो ओरडला होता.